न काढलेली किडनी

मी एक जुनी किडनी आहे, मित्रांनो. जुनी, सुकलेली आणि आता कोणाच्या कामाची नसलेली. रंजीताच्या पाठीत, उजव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या आड माझी जागा आहे. डाव्या बाजूला माझी जुळी बहीण आहे. तिचीही हीच गत झाली, पण ती मुळातच अबोल, म्हणून बोलायचे काम माझ्याकडे आले.

तुम्ही म्हणाल, किडनीला काय कळते? पुष्कळ कळते. रक्त सारखे माझ्यावरून ये-जा करते आणि रक्ताच्या पोटात काही राहत नाही. कोण घाबरले, कोण रागावले, कोणी काय लपवून खाल्ले, ते सगळे सांगून जाते. बाहेरचे बोलणे मला पाठीच्या हाडांतून ऐकू येते. फक्त मला बाहेर काही सांगता येत नाही. इथे दार नाही, खिडकी नाही. जन्मल्यापासून मी अशीच कोंडलेली आहे. काम होते तोवर त्याचे काही वाटले नाही. काम गेल्यावर मात्र ही जागा फार अरुंद वाटू लागली.

रंजीताचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून. वडील इतवारी आणि माय सुकरी. थोडे धान पिकते, बाकी घर जंगलावर चालते. मोह, तेंदूपाने, हिरडा, बेहडा. रंजीता लहान असताना मायच्या मागे मोहफुले वेचत फिरायची, टोपलीत कमी टाकायची आणि तोंडात जास्त. मी तेव्हा गुबगुबीत आणि कामसू होते. दिवसातून कितीतरी वेळा मी तिचे सगळे रक्त गाळून, धुऊन परत पाठवायची. नको ते पाणी काढून द्यायची. हवे ते मीठ ठेवून घ्यायची. नवे रक्त तयार करा असा निरोपही हाडांना मीच धाडायची.

या कामाचे कौतुक कोणी केले का? छे. माणसांना कौतुक फक्त काळजाचे. सुकरी मुलीला उठता-बसता माझ्या काळजाचा तुकडा म्हणायची. माझ्या किडनीचा तुकडा असे एकदाही म्हणाली नाही. मला वाईट वाटायचे, पण मी काम थांबवले नाही.

रंजीता सहावीत असताना आमच्या शेजाऱ्यावर संकट आले. हा शेजारी म्हणजे स्वादुपिंड. जठराच्या मागे आडवा पडून राहायचा. दिसायला आळशी, पण रक्तातली साखर आवरण्याचे मोठे काम त्याचे होते. शरीरात पहारा करणाऱ्या काही पेशी असतात. रोगजंतू आले की त्या तुटून पडतात. त्या पेशींचे काय बिनसले कोण जाणे, त्यांनी आपल्याच घरच्या स्वादुपिंडाला परका समजून मारले. त्यात रंजीताची काही चूक नव्हती. तिने गोड जास्त खाल्ले म्हणून झाले, असे गावात बोलत, ते खोटे होते.

मग रंजीता घटाघट पाणी पिऊ लागली, वाळू लागली, एक दिवस शाळेतच पडली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले. घरात फ्रिज नव्हता. सुकरीने औषधाची बाटली डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवली आणि तिची फार काळजी घेतली. काळजी कमी पडली ती दुसरीकडे. मुलीला रोज सुई लागते हे कळले तर पुढे लग्न जमणार नाही, म्हणून घरच्यांनी ही गोष्ट झाकून ठेवली. पाहुण्यांकडे गेली की रंजीता सुई घ्यायची नाही. लग्नात जेवायची आणि सुई घ्यायची नाही. दुखणे सांगायचे नाही, याची या घराला तेव्हापासून सवय लागली.

सुई चुकली की रक्त पाकासारखे घट्ट आणि गोड होऊन माझ्याकडे यायचे. मित्रांनो, माझ्या आत लाखो बारीक गाळण्या आहेत. गोड रक्ताने त्या एकेक करून खराब झाल्या. जे धरून ठेवायचे ते गळू लागले आणि जे बाहेर टाकायचे ते आत साचू लागले. लघवीला फेस यायचा. तो फेस म्हणजे माझी हाक होती. पण फेसाकडे कोण पाहणार? सुजलेले पाय पाहून सुकरी म्हणायची, चालून चालून सुजले असतील. मी आणि माझी बहीण आतल्या आत आक्रसत गेलो. सोळा-सतरा वर्षांत आमचा कारभार आटोपला.

मग चंद्रपूरला डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीनदा बसने जायचे, सुया टोचून यंत्राला जोडून घ्यायचे आणि तासन्‌तास पडून राहायचे. जे काम मी दिवसरात्र बिनबोभाट करत होते, त्यासाठी कपाटाएवढे यंत्र लागले. रंजीता छताकडे पाहत पडायची. तिलाही तिथून उठता येत नव्हते आणि मलाही. पिण्याचे पाणीसुद्धा वाटीने मोजून मिळायचे.

शेजारच्या पलंगावर शकिला असायची. चंद्रपूरचीच. तिचा नवरा बाबूभाई गाद्या भरायचा. कापूस पिंजून, जुन्या गाद्या उसवून नव्या करून द्यायचा. शकिलाला उतारवयात साखर झाली आणि तिच्याही किडन्या गेल्या. बोलायला मात्र ती खमकी. रंजीताला तिने बोलते केले. पुढे बाबूभाईने आपली एक किडनी शकिलाला दिली, ती किडनी नीट बसली आणि काम करू लागली. तरी शकिला इन्सुलिन घेतच राहिली. रंजीताने विचारले तर म्हणाली, "किडनी नवी हाय, साखर जुनीच हाय ना व. आता एक दिवस सुई चुकवत नाई मी. माह्या माणसाची किडनी हाय, ते साखरेले खाऊ देऊ का?"

रंजीताची तपासणी दूरच्या एका मोठ्या शहरात झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन रस्ते सांगितले. नुसती किडनी बसवली तर डायलिसिस सुटेल, पण साखर राहील, आणि सांभाळली नाही तर ती नव्या किडनीचेही तेच करील. किडनीबरोबर स्वादुपिंडही बसवले तर साखर सुटेल, सुई सुटेल. पण ते ऑपरेशन मोठे, धोका जास्त, आणि दोन्ही अवयव एकाच गेलेल्या माणसाकडून मिळायला हवेत. कोणाचे घर त्या दिवशी रडत असेल, तेव्हाच हे होणार.

रंजीताने दोन्ही मागितले. तिचा मावसभाऊ प्रफुल त्याच शहरात गवंडीकाम करायचा. त्याच्या खोलीवर राहून तिने वाट पाहिली. वर्ष होऊन गेले. एक दिवस फोन आला आणि सगळे धावले.

मित्रांनो, मी त्या दिवशी किती आनंदात होते ते कसे सांगू. घरात सगळे एकच शब्द बोलत होते, किडनी बदलणार. इतवारीने गावी फोन करून तेच सांगितले. बदलणार म्हणजे जुनी काढणार, नवी घालणार. म्हणजे मी बाहेर जाणार. पुढे काय होईल त्याची मला पर्वा नव्हती. एकदा उजेड पाहायचा होता. मी बहिणीचा निरोप घेतला.

पण चिरा पाठीत पडलाच नाही. त्यांनी पोट पुढून उघडले. खाली, ओटीपोटात, डाव्या बाजूला नवी किडनी बसवली आणि उजव्या बाजूला नवे स्वादुपिंड. रक्ताच्या नळ्या जोडल्या, टाके घातले आणि पोट बंद केले. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. जुन्या किडन्या विनाकारण काढण्यात धोका असतो, म्हणून त्या तशाच ठेवतात, हे मला फार उशिरा कळले. त्या दिवशी मी फक्त अंधारात थांबून राहिले.

नवी लगेच कामाला लागली. भराभर पाणी बाहेर पडू लागले. माझ्याकडे येणारे रक्त स्वच्छ येऊ लागले, गोडही राहिले नाही. इतक्या वर्षांनी साधे, बेताचे रक्त आले आणि ते माझ्या काही उपयोगाचे नव्हते. मी नवीशी बोलले नाही. खोटे कशाला सांगू, मला तिचा राग आला होता.

बाहेर मात्र आनंदीआनंद होता. रंजीताची सुई सुटली. पाणी हवे तेवढे पिऊ लागली. गावी परतल्यावर इतवारीने पेनाच्या ठाण्यावर, म्हणजे आपल्या कुळाच्या देवाकडे, जाऊन नारळ ठेवला. ज्या घरातल्या माणसाचे अवयव मिळाले, त्यांचे नाव कोणालाच माहीत नव्हते, तर इतवारी म्हणाला, "त्या घरच्या लोकायले सुखी ठेव." सुकरीने मोहफुले भाजून, कुटून लाडू केले. रंजीताने अर्धा लाडू खाल्ला. साखर वाढली नाही. ती त्या दिवशी रडली, आणि मला तिचे रडे आवडले.

एकच बंधन होते. गोळ्या. नवे अवयव शेवटी परक्या घरचे. पहारेकरी पेशींनी त्यांना ओळखले की त्या तुटून पडणार. म्हणून त्या पेशींना गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, जन्मभर घ्यायच्या. नव्या किडनीसाठीही त्याच आणि नव्या स्वादुपिंडासाठीही त्याच. घरात मात्र त्यांचे नाव पडले किडनीच्या गोळ्या.

दीड वर्ष छान गेले. मग मोह गळू लागला. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडलेला, माय एकटी वेचते, हे रंजीताला पाहवेना. तीही रोज वाकून फुले वेचू लागली. चार-सहा दिवसांत तिची पाठ धरली. साधी वाकून वाकून धरलेली पाठ, दुसरे काही नाही. पण दुखत होते नेमके माझ्याच जागी, आणि घरात सगळे घाबरले.

तालुक्याच्या गावी नवे सोनोग्राफीचे यंत्र आले होते. मोठ्या शहरात जाण्याआधी तिथे दाखवून येऊ, असे ठरले. निघताना इतवारी म्हणाला, "आपण काही सांगायचं नाई. पाहू डॉक्टर काय सांगते ते."

ही त्या बाजूची जुनी रीत आहे, मित्रांनो. वैदूकडे गेले की मुकाट्याने हात पुढे करायचा आणि गप्प बसायचे. खरा जाणकार असेल तर नाडी पाहून तोच सांगेल काय होते ते. आपण आधी सांगितले तर त्याची परीक्षा कशी होणार? इतवारीने सगळी उमर असेच पाहिले होते. शिवाय या घराला दुखणे न सांगण्याची सवय होतीच.

त्या दवाखान्यात खूप गर्दी होती. रंजीता कुशीवर वळून पाठ दाखवून पडली. पोटावरचे टाक्यांचे व्रण पदराखाली राहिले. डॉक्टरांनी विचारले, काय त्रास आहे? ती म्हणाली, पाठ दुखते. यंत्राचा गार दांडा माझ्यावरून फिरला. डॉक्टर पडद्याकडे पाहत राहिले, मग दुसऱ्या बाजूला वळायला सांगून बहिणीवरून दांडा फिरवला.

"दोन्ही किडन्या पार सुकल्यात," ते म्हणाले. "डायलिसिस चालू आहे का? नसेल तर उशीर करू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा."

त्यांनी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. आम्ही सुकलेल्याच होतो. त्यांना नवी असल्याचे कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनी पोटावर यंत्र लावले नव्हते. मी आतून ओरडत होते, अहो, ही मी आहे, जुनी. खाली पाहा, डाव्या बाजूला. पण पडद्यावर मी फक्त एक लहानशी करडी आकृती होते.

इतवारी खचला आणि त्याच वेळी त्याचा विश्वासही बसला. बसमध्ये तो सुकरीला म्हणाला, "आपण काईच सांगतलं नोयतं. तरी त्यानं किडनीचंच नाव काढलं. खरा डॉक्टर हाय तो."

घरी आल्यावर रंजीता भिंतीकडे तोंड करून पडली. तिला एकच गोष्ट खात होती. ती मायला म्हणाली, "कोणाच्या घरचा माणूस गेला, तवा मले भेटली होती ते. अन् मी चार टोपल्या मोहासाठी वाकून वाकून तिची माती केली. आता त्या डॉक्टरीणबाईले कोणतं तोंड दाखवू?"

सुकरी म्हणाली, "पण तुले लघवी तर चांगली होऊन राह्यली ना. आंधी होत नोयती."

सुकरीचे म्हणणे अगदी बरोबर होते. डायलिसिसच्या दिवसांत रंजीताला लघवी जवळजवळ होतच नव्हती. आता होत होती, म्हणजे कोणीतरी काम करत होते. पण मशीनपुढे मायचे कोण ऐकणार? इतवारी म्हणाला, राहिलेली असन थोडी, जाईन आता. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून फोन आला, रंजीताने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुकरीने गोळ्या पुढे केल्या तर तिने डबी बाजूला सारली. "मेलेल्या किडनीले औषध कायले?" ती म्हणाली.

मित्रांनो, ती मेलेली किडनी मी होते. आणि माझ्या नावाने ती जिवंत किडनीचे औषध बंद करत होती. माझ्या जन्मात मी इतकी असहाय कधी झाले नव्हते.

थोड्याच दिवसांत पहारेकरी पेशींची गुंगी उतरली. त्या माझ्यावरूनच खाली जात होत्या, रक्ताबरोबर, थव्याथव्याने. आमच्या जुन्या शेजाऱ्याला मारायला निघाल्या होत्या तेव्हाही मी त्यांना असेच जाताना पाहिले होते. मी त्यांना अडवू शकत नव्हते. खाली नवी सुजू लागली. तिने पहिल्यांदाच मला हाक मारली, "ताई, हे काय चालले आहे?" माझा तिच्यावरचा राग तिथेच संपला.

माझ्याकडे आता एकच शक्ती उरली होती. गाळता येत नसले तरी रक्ताचा दाब मला अजून वाढवता येतो. मी तो वाढवला, जमेल तेवढा वाढवला. वाटले, रंजीताचे डोके दुखेल, ती घाबरून मोठ्या दवाखान्यात जाईल. डोके दुखले. पण घरच्यांनी पाहिले आणि म्हटले, झाले, आता शेवट जवळ आला. इतवारी रोज खाटेपाशी बसून राहू लागला. मी ओरडायला गेले आणि त्यांची समजूत आणखी पक्की करून बसले. शिवाय वाढलेला दाब नवीलाही सोसेना, म्हणून मी तेही थांबवायला पाहिले, पण एकदा चढलेला दाब माझ्याने उतरेना.

अशात शकिला आली. लग्नसराई होती, बाबूभाईला पोंभुर्ण्याकडे गाद्या भरायचे काम लागले होते. रंजीता फोन उचलत नाही म्हणून शकिला त्याच्याबरोबर गाडीत बसून थेट घरी आली.

"फोन काऊन उचलत नाई व?" तिने दारातच विचारले.

"किडनी गेली, शकिलाबाई," रंजीता म्हणाली.

"कोणी सांगतलं?"

इतवारीने सगळे सांगितले. आपण कसे गप्प राहिलो आणि डॉक्टरने कसे नेमके ओळखले, तेही सांगितले. शकिला ऐकत होती. मग तिने विचारले, "मशीन कुठी लावली होती?"

"पाठीले."

"पोटाले?"

"पोटाले नाई लावली."

शकिला खाटेवर टेकली. "इतवारीभाऊ, त्यानं पाह्यली ते जुनी हाय. तुमच्या पोरीची पहिलेची किडनी."

"जुनी कुठून येईन आता?" इतवारी म्हणाला. "बदलली ना ते."

"बदलली नाई, भाऊ. बसवली. जुनी जिथल्या तिथीच हाय."

इतवारीला ते पटेना. तेव्हा दारात उभा असलेला बाबूभाई पुढे आला. "भाऊ, मलेबी असंच वाटलं होतं. आमच्या धंद्यात कसं, गादीत नवा कापूस भरला तर गिऱ्हाईक पहिले विचारते, जुना कुठी गेला? आमी दाखवतो. म्हणून मी डॉक्टरले म्हटलं, हिची जुनी किडनी काढली असन ते आमाले द्या. डॉक्टर लय हासला. म्हणे, बाबूभाई, ते काढतच नाई, आतच राह्यते. तवा आमाले समजलं."

मित्रांनो, तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत माझी विचारपूस करणारा हा पहिला माणूस. तोही गादीच्या जुन्या कापसामुळे. मला हसावे की रडावे कळेना.

शकिलाने रंजीताचा हात धरला आणि तिच्याच ओटीपोटावर, डाव्या बाजूला ठेवला. "इथी हाय तुही नवी किडनी. दाबून पाह्य. दुखते?"

"दुखते."

"मंग जित्ती हाय. मेलेली दुखत नाई." मग तिचा आवाज बदलला. "पण दुखाले नाई पाह्यजे. गोळ्या घेऊन राह्यली ना तू?"

सुकरीने गोळ्यांनी भरलेली डबी आणून दाखवली. शकिलाने ती पाहिली आणि बाबूभाईला म्हणाली, "गाडी काढा. गाद्या राहू द्या."

बाबूभाईने बल्लारशाला पोहोचवले, तिथे रेल्वे मिळाली. रस्ताभर रंजीताचा तळहात त्या सुजलेल्या जागेवर होता. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, नवीतून सुईने बारीक तुकडा काढून पाहिला, मग जालीम औषधे सुरू झाली. पहारेकरी पेशी मागे हटल्या, पण सहज हटल्या नाहीत. कितीतरी दिवस खाली काय चालले आहे ते मला समजत नव्हते. मी नवीला हाका मारत होते, ती उत्तर देत नव्हती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "जुन्या किडन्या काढत नाही, हे आम्ही तुम्हाला सांगितलं होतं. पण तुम्हाला ते समजलं की नाही, हे विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं. आणि तुम्ही मला एक फोन करायला हवा होता, रंजीता. मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

मग त्यांनी निकाल सांगितला. नवी किडनी वाचली. पूर्वीएवढी नाही, निम्म्याहून थोडी जास्त चालेल. नवे स्वादुपिंड मात्र गेले.

म्हणजे साखर परत आली. सुई परत आली. इतवारी खोलीच्या बाहेर जाऊन बसला. रंजीता त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, डायलिसिस तर नाई ना करावं लागत. सुई मले येते घेता." तो मान वर करून पाहीना.

आता इतवारी कोणत्याही दवाखान्यात शिरला की विचारायच्या आधी सगळे सांगत सुटतो. पोरीला नवी किडनी आहे, ती डाव्या बाजूला खाली आहे, जुन्या दोन मागे आहेत, त्या पाहू नका. चष्म्याच्या डॉक्टरलाही त्याने हे सांगितले. लोक हसतात. मी हसत नाही. माझे नाव तो न चुकता घेतो, आणि मला ते ऐकायला बरे वाटते.

मी तुम्हाला एवढेच मागते, मित्रांनो. डॉक्टरची परीक्षा घेऊ नका. तुमच्या अंगात काय आहे, काय झाले होते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते आधी सांगा. गोळी बंद करण्याआधी देणाऱ्याला विचारा. आणि समजले नसेल तर समजले नाही म्हणा. आत कोंडलेल्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने तुम्हालाच बोलावे लागते.

परवा बऱ्याच दिवसांनी रक्त पुन्हा गोड आले. फार नाही, थोडे. शेजारी बारसे होते आणि रंजीताची सुई राहिली असावी. ते रक्त मला नवे नव्हते, पण नवी दचकली. खालून तिचा आवाज आला, "ताई, तुला संपायला किती वर्षे लागली होती?"

मी तिला खरे ते सांगितले. सोळा-सतरा वर्षे. पण मी धडधाकट होते, आणि ती निम्मी उरली आहे, हे मी तिला सांगितले नाही. ती पुन्हा कामाला लागली.

कधी पोंभुर्ण्याच्या पुढे त्या गावात गेलात, तर रंजीताच्या घरात डोकवा. तिला विचारा, आज साखर पाहिली का, सुई घेतली का. ती चिडली तरी विचारा. मला इथून विचारता येत नाही.